उघड्या फळीवरचा नऊ नंबर

कामठा, ५ जानेवारी २०२५

प्रिय कलाबाई,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दिवसभर फोन करता अना एकच इचारता, गॅस बंद केला का, कडी लावली का. मी हैदराबादले, गॅस कामठ्याले. मले काय माहीत? आता बोलाचं असन तं पत्र लिहा. पत्रात माणूस एकच डाव घाबरते." आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी कितीदा लावला ते तुझ्या फोनवर दिसलंच असेल. तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. गोंदियाच्या टॉकीजमध्ये मशीन चालवून मी आपला रोज घरीच येत होतो. पत्र लिहायला बसलं की शाळेतली मराठी आपोआप हातात येते. मी बोलतो तसा यात दिसलो नाही तर हसू नकोस.

मी मजेत आहे. स्वयंपाक जमतो. काल लाखोरीची डाळ केली, थोडी लागली. कुत्र्यानं आवडीनं खाल्ली.

शेजारचा शालीकराम रोज विचारतो, "भाऊ, वहिनीसंगं तुमी काऊन नाई गेले?" मी सांगितलं, धानाची राखण आहे. आपली शेताची एक बांधीसुद्धा नाही हे त्याला ठाऊक आहे. पण कोणाचं धान, असं त्यानं विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

नोव्हेंबरात गोंदियाच्या स्टेशनवर जे झालं त्यावर तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. आपल्या विवेकच्या नव्या घरी, हैदराबादला, जायला निघालो होतो दोघं. गाडी लागली, सामान चढलं, तू चढलीस. माझा पाय काही उचलला नाही. छाती अशी धडधडत होती की वाटलं, चढलो तर बल्लारशाच्या आधीच खलास. तू दारातून हात पुढे केला होतास. गाडी हलली तरी तो हात तसाच होता.

असो. दोन वर्षांपासून हे असंच चाललं आहे. वय झालं माझं. सहासष्टाव्या वर्षी माणसाचं काळीज पातळ होतं, त्याला इलाज नाही.

गॅस बंद आहे.

तुझा,
हिरालाल


कामठा, १९ जानेवारी

प्रिय कलाबाई,

तुझं पत्र मिळालं. नववा मजला, बाल्कनीतून खाली बाग, संध्याकाळी बाया गोल गोल फिरतात, भाजीच्या गाडीवर भेदरं आणि ताजा सांभार येतो (शाळेतल्या मराठीत टोमॅटो आणि कोथिंबीर). वाचून बरं वाटलं. तू तिथं रमलीस. कोणी तरी रमायला पाहिजेच.

इकडची खबर अशी की मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. चंद्रशेखरची अल्का आली होती. ती गोंदियाच्या कॉलेजात उंदरांवर पीएचडी करून राहिली हे तुला माहीत आहे. माझ्या धाकट्या भावाची पोर इतकी शिकली आणि शेवटी उंदरं पाळून राहिली, असं तूच म्हणायचीस. ती म्हणाली,

"मोठेबाबा, तुमी एकच पिच्चर दिवसातून चार डाव पाहत होते. पिच्चर चालला तं पंचवीस पंचवीस हप्ते. कंटाळा नाई आला?"

"रोजीरोटी होती बाई."

"मंग माहे उंदरं पाहा."

तिनं लॅपटॉप उघडला. जमिनीपासून उंचावर एक लाकडी फळी, अधिकच्या चिन्हासारखी. चार हात. दोन हातांना दोन्ही बाजूंनी भिंती, दोन हात उघडे, कडेला काही नाही, खाली पाहिलं तर जमीन. मधोमध एक पांढरा उंदीर सोडायचा आणि पाच मिनिटं त्याचा सिनेमा काढायचा. भित्रा असेल तो भिंतींच्या आडोशाला बसतो. धीट असेल तो उघड्यावर जाऊन कडेवरून खाली डोकावतो. मी एवढंच बघायचं, कोण किती वेळ उघड्यावर होता.

मी विचारलं, "तूच काऊन नाई पाहत?"

ती म्हणाली, "कोणता उंदीर म्हातारा, कोणता जवान, कोणाले काय देलं, ते मले माहीत आहे. माहीत असलं का डोळे पाहिजे तेच पाहतात. तुमाले काईच माहीत नाई, म्हणून तुमी पाहिजे."

सगळं आयुष्य माझ्या माहीत नसण्याची कोणी इतकी किंमत केली नव्हती. मी हो म्हणालो.

घरबसल्या काम आहे, हे सगळ्यात चांगलं. कुठं जायला नको.

तुझा,
हिरालाल


कामठा, ४ फेब्रुवारी

प्रिय कलाबाई,

तू लिहितेस, "उंदराचं कौतुक पुरे, जेवता का नाई ते लिहा." जेवतो. आता उंदरांचं ऐक.

वरून सगळे सारखेच दिसतात, पांढरे ठिपके. फाईलीवर नुसता नंबर. पण पाहता पाहता एकेकाचा स्वभाव कळायला लागतो. कैलाश सावकार टॉकीजला पहिल्या रांगेत बसून पिच्चरभर शेंगा खायचा, तसा एक बारा नंबर आहे, तो फक्त मिशा पुसतो. एक नऊ नंबर आहे. त्याला मधोमध ठेवला की हा सरळ उघड्या फळीवर निघतो, जणू जत्रेला चालला आहे. टोकाला जाऊन मान खाली घालून बघतो, परत येतो, दुसऱ्या उघड्या हातावर जातो. शालीकराम पाहायला आला होता, तो म्हणाला, "हा तं इलेक्शनले उभा राहते."

आणि एक सतरा नंबर. तो भिंतीच्या आड शिरला की संपलं. एकदा नाक बाहेर काढलं, एक पाय ठेवला, आणि असा मागे फिरला की माझी छाती धडधडली. मी फाईल थांबवली, पाणी प्यालो. कलाबाई, तो पाय मी ओळखतो.

अल्काला म्हटलं, हा म्हातारा आहे, लिहून घे. ती नुसती हसली. तिला सांगता येत नाही.

हे कशानं होतं तेही तिनं समजावलं. धोका दिसला की अंगात एक हार्मोन सुटतं. टॉकीजला शो सुरू व्हायची घंटा वाजते ना, तसं. घंटा ऐकून सगळे धावतात, ते बरोबरच आहे. पण ती थांबलीही पाहिजे. मेंदूत हे हार्मोन ऐकणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांनी नीट ऐकलं की मेंदू खाली निरोप देतो, कळलं, आता बस करा. वय झालं की काही ठिकाणी हे ऐकणारे कमी होत असावेत, आणि मग घंटा उगाच वाजतच राहते.

"होत असावेत म्हंजे? पक्कं सांग."

"पक्कं असतं तं मले पीएचडी कायले कराची होती, मोठेबाबा?"

मला मात्र पक्कं वाटलं. माझे ऐकणारे गेले. माझा काही दोष नाही, तुझाही नाही. हे वाचून तुझा राग थोडा कमी व्हावा म्हणून एवढं लांबण लावलं.

तुझा,
हिरालाल


कामठा, २३ फेब्रुवारी

प्रिय कलाबाई,

मी गोंदियाला जाऊन आलो! ओळीखाली रेघ मारली आहे, बघ.

अल्का म्हणाली उंदरं पाहाले चला. मी तीन रविवार टाळलं. चौथ्यांदा तिनं काळीपिवळी जीप थेट दारात आणून उभी केली आणि आत माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघून राहिली. चढलो. गाव सुटलं तसे हात गार पडले. घाम. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबव. अल्कानं माझी पिशवी घट्ट धरली अन् म्हणाली, "मोठेबाबा, घाबरा. पण बसून घाबरा." समोरची एक बाई पोराला पाजत होती, तीही म्हणाली, "बसा ना बाबाजी, पोचलोच आता." ड्रायव्हर थांबलाच नाही. गोंदिया येईपर्यंत मी सगळ्या गाडीसमोर घाबरत बसलो. आणि काय सांगू, मोठ्या पुलाच्या अलीकडे ते आपोआप ओसरलं. पहिल्यांदा कळलं की ते ओसरतं. दर वेळी मी त्याआधीच उतरून जात होतो.

उंदरांची खोली थंड आहे, आपल्यापेक्षा बरा कूलर आहे त्यांना. लाकडाच्या भुशाचा वास. माझ्या सिनेमातले उंदीर मात्र तिनं दाखवले नाहीत, दुसरीच लहान पिल्लं दाखवली. मी विचारलं, काम झालं की माझ्या नऊ नंबरचं काय?

तिनं हातातलं पिल्लू परत पिंजऱ्यात ठेवलं. मग सरळ सांगितलं. त्यांना मारावं लागतं, बेशुद्ध करून, दुखू न देता. मेंदूतले ते ऐकणारे किती उरले हे त्याशिवाय मोजता येत नाही. म्हणाली, "पयल्या डाव मी दोन दिवस जेवली नाई." मला ते आवडलं नाही, मी तसं सांगितलंही. तिनं माझी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. दोघं तसेच बाहेर येऊन उभे राहिलो.

मग म्हणाली, चहा घेऊ. चहाच्या नावाखाली एका डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात नेलं! बापावर गेली आहे. आत गेल्यावर पळता येईना. सगळं सांगितलं, स्टेशनचंही. मी म्हटलं, वय झालं ना मॅडम.

बाई म्हणाल्या, "काका, ये उमर की बात नहीं है. बीमारी है, अना त्याले इलाज आहे."

एक गोळी दिली आहे, साधी. आणि अभ्यास दिला आहे. रोज घरापासून थोडं दूर जायचं, भीती आली की मागं फिरायचं नाही, ती जाईपर्यंत तिथंच थांबायचं. शाळेत मी अभ्यास कधी केला नाही, तो आता करून राहिलो.

तुझा,
हिरालाल


कामठा, १२ मार्च

प्रिय कलाबाई,

माझं नाक कापलं गेलं. आनंदानं कापलं गेलं, तरी कापलंच.

गेल्या आठवड्यात अल्कानं यादी उघडली. माझं काम संपलं होतं, आता सांगायला हरकत नव्हती. चंद्रशेखर होता, शालीकराम होता, चहा होता. मी म्हटलं, आधी सतरा सांग. किती म्हातारा निघाला?

"सतरा नंबर जवान आहे, मोठेबाबा. अंगात मस्ती असाची त्या वयाचा. आमी त्याच्या पाण्यात कित्येक हप्ते ताणाचं हार्मोन टाकत होतो. रोज घंटा, रोज घंटा. त्यानं तो तसा झाला."

"अना नऊ?"

"नऊ दोन वर्षांचा. उंदरात तुमच्याच वयाचा म्हणा. त्याले काईच देलं नोतं. नुसता म्हातारा."

शालीकराम इतका हसला की चहा नाकात गेला. मी मात्र कप खाली ठेवला. अल्का घाईघाईनं म्हणाली, एका उंदरावरून काही ठरत नाही, सगळे मिळून पाहिलं तर म्हातारे जास्तच भित्रे निघाले. त्यांच्या मेंदूतले ऐकणारे खरंच कमी भरतात का, ते अजून मोजायचं आहे. पण म्हातारे सगळे सारखे नाहीत, हेही तितकंच खरं.

मी दोन दिवस रुसून होतो. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की वयाचं आहे, आणि इकडे माझ्या वयाचा एक जण कडेवरून खाली डोकावत होता. तो आता नाही. तो गेला त्या दिवशी अल्कानं फोन करून सांगितलं होतं. फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी मी उठलो आणि शालीकरामच्या मागे गाडीवर बसून बिरसीला गेलो. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. पायलट शिकणाऱ्या पोरांची लहान विमानं वर जातात, एक चक्कर मारतात, उतरतात, पुन्हा वर जातात.

शालीकराम म्हणाला, "हे कुठीच तं जाऊन नाई राहिले, भाऊ."

मी म्हटलं, "जाणं शिकून राहिले."

भीती आली. उन्हात उभी राहिली माझ्यासोबत. मग कंटाळून गेली असावी, कारण मी विमानं बघण्यात गुंतलो होतो. येताना रावणवाडीच्या बाजूनं आलो आणि मी त्याला हॉटेलात भजी खाऊ घातली. घरी आल्यावर लक्षात आलं की दिवसभर मी कडीचा विचारच केला नाही.

तुझा,
हिरालाल


कामठा, ३० मार्च

प्रिय कलाबाई,

काल रश्मीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईंना सांगू नका मी बोलले म्हणून." म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायची कटकट नको. सुनेवर रागावू नकोस. सोन्यासारखी पोर आहे.

ती म्हणाली, नोव्हेंबरपासून तू खाली उतरलेली नाहीस. एकदा उतरलीस ती लिफ्ट मध्येच थोडा वेळ थांबली, त्यानंतर नाही. बागेत चल म्हटलं की गुडघे दुखतात, नातीच्या शाळेचा कार्यक्रम होता तर डोकं दुखलं. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसतेस. गाडीवरची भेदरं तू वरूनच बघतेस.

आणि मी इकडे तुझी पत्रं वाचून जळत होतो की कलाबाई रमली!

रश्मीनं गाडीतलंही सांगितलं. तुझा फोन बंद पडला होता. डब्यात भांडण झालं, कोणी तरी तुला जागेवरून उठवलं, आणि तू सगळं सामान पायाशी घेऊन दाराजवळ बसून हैदराबादला पोहोचलीस. विवेकला पाहून रडलीस, आणि त्याला शपथ घातलीस, बाबाले सांगजो नको. मला वाटत होतं तू रागावून गेली आहेस. तू हात पुढे केला होतास कारण तुलाही एकटीला जायची भीती वाटत होती. चाळीस वर्षं धीट माणूस म्हणजे तू, असं आपण ठरवून टाकलं होतं, म्हणून मी तुझ्याकडे कधी नीट पाहिलंच नाही.

माफी वगैरे मी समोर मागेन. कागदावर ती फार सोपी पडते.

तू कामठ्याला परत का येत नाहीस, तेही आता समजलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तू नाहीस असं कधी झालं नाही, आणि या वर्षी तू एका शब्दानं विषय काढला नाहीस. एकटीनं गाडीत बसवत नाही, आणि न्यायला ये म्हणायची सोय नाही, कारण न्यायला येणारा प्लॅटफॉर्मवरूनच परत फिरतो.

मी रोज स्टेशनला जातो सध्या. पुलावर उभा राहतो, खाली उतरतो, गाडी लागली की डब्यात चढतो आणि सुटायच्या आधी उतरतो. एका टीसीनं विचारलं, "बाबा, क्या ढूँढ रहे हो?" मी म्हटलं, "कुछ नहीं साहब, प्रैक्टिस." त्यानं मला चहा पाजला. सोमवारी सुटायच्या आधी उतरलोच नाही, पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन पॅसेंजरनं परत आलो. घाबरलो, चांगलाच घाबरलो. पण बसून.

तिकीट काढलं आहे. तारीख सांगत नाही, नाहीतर तू दिवस मोजत बसशील आणि मला उगाच घाम फुटेल.

तुझा,
हिरालाल


हैदराबाद, १० एप्रिल, सकाळ

कलाबाई,

हे पत्र पोस्टानं नाही, विवेकच्या हातानं येत आहे. त्याला सांगितलं आहे, आईला दे आणि दारातच उभा राहा, घाई करू नकोस.

मी खाली आहे. तुझ्या बाल्कनीच्या बरोबर खालच्या बागेत, पहिल्या बाकावर. वाकून पाहिलंस तर पांढरं डोकं दिसेल. अजून नको पाहूस, आधी वाच.

प्रवास झाला. बल्लारशाच्या पुढं मोठी लाट आली. दाराकडे जायला उठलोही होतो. मग समोरच्या माणसाला सांगून टाकलं, भाऊ, मला भीती वाटते, थोडं बोलत राहा. तो मिरचीचा व्यापारी निघाला. हिंदीतून त्यानं मिरचीबद्दल जे सुरू केलं, कोणती लाल, कोणती तिखट, कोणत्या बाजारात काय, ते मला झोप लागेपर्यंत. असं चांगलं औषध कोणत्याच दुकानात मिळत नाही.

विवेक म्हणतो, बाबा वर चला, आई खूश होईल. मला वर यायला काही अडचण नाही. पण मी येत नाही. तू खाली ये.

भीती वाटेल. वाटू दे. लिफ्टच्या दारापाशी पाय अडेल, तिथं थोडी थांब, मागं फिरू नकोस. विवेकचा हात धर. लिफ्ट नकोच वाटली तर जिन्यानं ये, प्रत्येक मजल्यावर बस, पाणी पी, लोकांच्या दारावरची नावं वाच. दुपार झाली तरी चालेल. मला आज दुसरं काही काम नाही. इथून आपण गेटबाहेर जाऊ, गाडीवरून भेदरं आपल्या हातानं निवडून घेऊ, आणि परवा दोघं गोंदियाच्या गाडीत बसू.

बाकावर एक बाई फोनवर बोलत बसली होती. मी तिला हातवारे करून सांगितलं की माझी बायको येऊन राहिली. मला तेलुगू येत नाही, तिला मराठी येत नाही, पण तिला समजलं. तिनं वर नवव्या मजल्याकडे पाहिलं, हसली, आणि उठून पलीकडच्या बाकावर गेली.

जागा झाली आहे. ये.

हिरालाल